डंकाची गाडी

आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये डंक होता. मिरची, हळद, धने कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि खालच्या उखळांत माल बारीक होत जातो. होळी झाली की बाया पदर नाकाला लावून शेडपुढं बसायच्या. कुणाला काळं तिखट करायचं असे, कुणाला आमटीत घालायचा येसूर. डंक मी चालवायचे. माझे मालक लोहारा ते तुळजापूर जीप चालवायचे, माणसांची ने-आण करायचे. पुढं रस्त्यावर रिक्षा वाढल्या, घरोघर मोटारसायकली आल्या आणि जीप लिंबाखाली उभी राहायला लागली.

माकणीच्या धरणाच्या पलीकडच्या अंगाला उठून नव्यानं बसलेली गावं आहेत. तिकडच्या बायांना मिरचीचं पोतं घेऊन आमच्याकडं यायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा. एसटी चुकली की फाट्यावर उन्हात बसायचं. एका उन्हाळ्यात त्यातलीच एक बाई म्हणाली, "ताई, आमी पोतं घेऊन येण्यापरीस तुमचा डंकच आमच्याकडं का येत न्हाय?"

ती सहज बोलून गेली. मालकांनी मात्र ते मनात धरलं. जीप रिकामी उभी आहे, डंक जागेवर खिळलेला आहे, दोन्ही एकमेकांना जोडायचं. जीपच्या मागं दोन चाकांची गाडी, गाडीवर डंक आणि त्याला फिरवायला डिझेल इंजिन.

गाडी करायची ती धाकट्या दिरानं, हे बोलावंच लागलं नाही. भावजींचं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. गेट, खिडक्या, पेरणीयंत्राची दुरुस्ती आणि ट्रॉल्या. त्यांच्या ट्रॉल्या इतरांपेक्षा जड असतात असं लोक म्हणायचे, पण तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याला कारण होतं. तरुणपणी एका कारखान्याच्या रस्त्यावर त्यांनी उसाच्या ट्रॉलीचा दांडा तुटताना बघितला होता. ट्रॅक्टर चढाला लागला होता. ट्रॅक्टर पुढं गेला, ट्रॉली मागं आली. रस्त्याच्या खाली वस्ती होती. पुढचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदाच, मी चहा घेऊन दुकानात गेले होते तेव्हा, हातातली वेल्डिंगची कांडी न पेटवता ते म्हणाले, "तिला आवाज नव्हता, वैनी. एवढं मोठं धूड येतंय, पन आवाज न्हाय."

भावजींनी दुकानाच्या फरशीवर खडूनं गाडी काढली. मी आणि मालक शेजारी उकिडवे बसून बघत होतो. आधी एक लांबट चौकट, पन्हाळीसारख्या जाड लोखंडी चॅनलची. तिच्यात आडव्या पट्ट्या, इंजिनाच्या खाली आणि डंकाच्या खाली जास्त जवळ जवळ. मग त्यांनी चौकटीच्या पोटाखालून दोन लांब रेघा ओढल्या. चाकांच्या आसापासून निघून पुढं येत येत त्या जवळ आल्या आणि जीपच्या हुकापाशी एका टोकाला मिळाल्या.

"ह्यो दांडा," ते म्हणाले. "लोक काय करतात, फुडच्या पट्टीला नुसता पाइप चिटकवतात. समदा ओढा त्या एका जोडावर येतो. मंग एक दिस जातो तुटून. आपला दांडा पार पोटाखालून मागं जाईल. तुटायचं तर आख्खी गाडीच तुटली पायजे."

"आख्खी तुटंल व्हय?" मालकांनी हसत विचारलं.

भावजी हसले नाहीत. त्यांनी खडूनं त्या टोकावर परत परत गिरवलं, तिथं पांढरा ठिपका झाला.

धाराशिवच्या भंगार बाजारातून जुन्या टेम्पोचा आस स्प्रिंगच्या पाट्यांसकट आणला. चॅनल नवीन घेतला. काम सुरू झालं तसं मी डंक बंद ठेवून दुपारी दुकानात जायचे. भावजी जोड देताना एकेक ठिकाण घासून लख्ख करायचे. चॅनलच्या वरच्या-खालच्या काठावर आडवी वेल्डिंग मारत नसत. म्हणायचे, चीर तिथनंच सुरू होते. कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या बसवल्या. हुकाच्या खाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधल्या, म्हणजे पिन निघाली तरी दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडेल. काम थांबलं की तापलेलं लोखंड थंड होताना बारीक टिकटिक करायचं. दुकानात दुसरा आवाज नसायचा. ती टिकटिक ऐकत बसायला मला आवडत नसे, पण उठूनही जाववत नसे.

गाडीचा सांगाडा झाल्यावर त्यांनी त्यात दगड भरले आणि ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर आणून तिला हिसके दिले. मागं, पुढं, आडवे. मग खाली सरपटत जाऊन बॅटरीच्या उजेडात एकेक जोड बघितला. बाहेर आले तेव्हा कपाळावर ग्रीस लागलं होतं आणि चेहरा मोकळा झाला होता.

"ही तुटणार न्हाय," ते म्हणाले.

मालकांना त्यानं लई बरं वाटलं. मला वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. का ते सांगता येत नव्हतं. गाडीत काही वावगं दिसत नव्हतं. एवढंच, की सगळे त्या दांड्याकडंच बघत होते.

डंक आणि इंजिन गाडीवर कुठं बसवायचं ते मालकांनी ठरवलं. इंजिन एकदम मागं आणि डंक त्याला लागून. म्हणजे धूर आणि मिरचीची धूळ जीपकडं येणार नाही, बाया मागच्या बाजूला उभ्या राहून माल घालतील, पुढं पोती ठेवायला जागा राहील. ऐकायला सगळं बरोबर होतं. भावजींनी मान डोलावली आणि त्या जागेखाली आणखी एक पट्टी टाकली.

पहिल्या फेरीला मी जीपच्या मागं कडेच्या बाकावर बसले, गाडीकडं तोंड वळवून. कच्च्या रस्त्यानं काही झालं नाही. डांबरी लागली, मालकांनी वेग घेतला आणि गाडीनं थोडी मान हलवली. डावीकडं, मग उजवीकडं. कुणी नाही म्हणताना हलवतं तशी. परत सरळ झाली.

"अहो, गाडी हलायली," मी म्हणाले.

"खड्डा आसंल."

खड्डा नव्हता. मी रस्ता मागं जाताना बघत होते.

धरणापलीकडच्या त्या गावात आमचं लई कौतुक झालं. पारावर इंजिन सुरू केलं तसं सगळं गाव शिंकायला लागलं. बाया घमेली घेऊन आल्या, म्हाताऱ्या माणसांनी तोंडाला उपरणी बांधली. संध्याकाळपर्यंत हात भगभगत होते, पण मन भरलं होतं. जाताना एका बाईनं भाजलेल्या शेंगा बांधून दिल्या. परतीच्या वाटेवर त्या माझ्या मांडीवर तशाच राहिल्या. गाडीनं चार-पाचदा मान हलवली.

घरी आल्यावर जीपपासून गाडी सोडायची होती. पिन निघेना. मालक म्हणाले, "नवी हाय, आवळ बसली." मला दांड्यावर बसायला सांगितलं. मी बसले तशी पिन सहज वर आली. पुढं हा रोजचा रिवाजच झाला. गाडी सोडायची की मी दांड्यावर बसायचं. आमच्या दोघांत त्यावरून थट्टाही व्हायची.

मालक भावजींना म्हणाले, "मागचा भाग हलतोय." भावजी परत गाडीखाली गेले. जोड सगळे शाबूत. खूप वेळ बघून त्यांनी ठरवलं, मागं जोर कमी पडतोय. त्यांनी मागच्या टोकाला आणखी जाड चॅनल जोडला आणि बायांना उभं राहायला लोखंडी पायरी केली. पायरी चांगली झाली होती, रुंद, खरबरीत पत्र्याची.

त्यानंतर गाडी आधीपेक्षा लवकर डुलायला लागली.

हे आम्ही मोठ्यानं बोलत नव्हतो. मालकांनी स्वतःशी एक वेग ठरवला होता, त्याच्या वर जायचं नाही. उतार आला की आधीच गिअर खाली घ्यायचा. जीप चालवताना ते कायम बोलत असायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे. ते बंद झालं. आरशात बघत राहायचे. एकदा म्हणाले, "स्टेरिंग हलकं लागायलंय गं. चाकं जमिनीला टेकल्यावानी वाटत न्हायती." बाया वाट बघत होत्या, निरोपावर निरोप येत होते. कामाचा हंगाम चालू होता.

तुळजापूरच्या घाटाखाली माझ्या नणंदेचं सासर. त्यांच्याकडं लग्न होतं आणि तिनं डंक घेऊन या म्हणून निरोप धाडला. मालक त्या दिवशी भावजींना म्हणाले, "तू बी चल. एकदा तुज्या डोळ्यानं बग." भावजी माझ्या समोरच्या बाकावर बसले. दोघांच्या मध्ये जीपचं मागचं उघडं दार, आणि दाराच्या पलीकडं दांडा.

तुळजापूरला चहासाठी थांबलो. यात्रेकरूंच्या गाड्या येत होत्या, कपाळभर कुंकू लावलेली माणसं हॉटेलात बसली होती. मालकांनी चहा अर्धाच घेतला. जीपभोवती फिरून चाकं बघितली, पिन बघितली, साखळ्या हलवून बघितल्या. मग देवीच्या दिशेनं हात जोडून थोडा वेळ उभे राहिले. रोज ज्या रस्त्यानं जीप हाकली तिथं त्यांनी असं कधी केलेलं मी बघितलं नव्हतं.

घाट उतरायला लागलो तेव्हा आम्ही सावकाश होतो. मागं एक ट्रक लागला आणि हॉर्न देत राहिला. रस्ता अरुंद, बाजूला घ्यायला जागा नव्हती. मालकांनी थोडा वेग दिला. गाडीनं मान हलवली. मग परत, जास्त. मी भावजींकडं बघितलं. ते बाकाच्या कडेला येऊन, वाकून, दांड्याच्या टोकाकडं बघत होते.

"तुटत न्हाय," ते म्हणाले. "तुटत न्हाय, दादा."

मालकांनी ब्रेक दाबला. तिथून पुढं गाडी आमच्या मागं येत नव्हती, ती आम्हाला हाकत होती. ती डावीकडं गेली की जीपचं बूड उजवीकडं फेकलं जायचं. परत उलटं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब. माझं डोकं लोखंडी नळीवर आपटलं. समोर कधी डोंगर दिसत होता, कधी नुसतं आभाळ. भावजींचं बोलणं चालूच होतं, कुणाला सांगतायत ते त्यांना कळत नसावं. "दांडा धरून हाय. तुटत न्हाय."

आणि दांडा खरंच तुटला नाही. गाडी एका बाजूला गेली ती परत आलीच नाही. तिनं जीपला तशीच ओढत फिरवली. जीपचं तोंड आलो त्या बाजूला झालं आणि ती डोंगराकडच्या नाल्यात घुसून थांबली. दुसऱ्या बाजूला फेकलो गेलो असतो तर खाली दरी होती.

जीपचं इंजिन बंद पडलं. डंकाच्या खाचाखोचांत बसलेली मिरचीची धूळ हिसक्यानं बाहेर पडली होती आणि लाल धुरळा आमच्यावर खाली येत होता. घाट चढून येणारी यात्रेकरूंची बस थांबली. माणसं धावत आली आणि शिंकायला लागली. मालकांना बाहेर काढलं तर त्यांचा डावा हात लोंबत होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. माझ्या कपाळातून रक्त येत होतं, पण मला ते कुणीतरी रुमाल लावल्यावर कळलं. भावजींना खरचटलंसुद्धा नव्हतं.

ते सगळ्यात आधी दांड्याकडं गेले. गुडघ्यावर बसून त्यांनी जोडावरून हात फिरवला, मग नखानं खरवडून बघितलं. "केसाएवढी चीर न्हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. मालक रस्त्याच्या कडेला हात धरून बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि मान फिरवली.

रस्ता मोकळा करायचा होता. जीप नाल्यात तिरकी आणि गाडी रस्त्यात आडवी, पण दोन्ही चाकांवर उभी. बसचा ड्रायव्हर म्हणाला, आधी दोन्ही सोडवा. पिन निघत नव्हती. मालक लांबूनच म्हणाले, "दांड्यावर बसावं लागतं." माझ्या अंगात बसायची ताकद नव्हती. भावजींनी हातोडी घेऊन पिन खालून ठोकली.

पिन उडाली तसा दांडा वर उठला. कुणी हात लावला नव्हता. अंगात आल्यासारखा तो सावकाश वर आला, साखळ्या ताणून धरेपर्यंत. भावजींच्या छातीएवढा झाला आणि तिथं थांबला. मदतीला आलेली माणसं मागं सरली. भावजींनी हात लावून तो खाली दाबला. सोडला की परत वर. इंजिन, डंक, पायरी, नवा चॅनल, सगळं चाकांच्या मागं होतं, आणि पुढं होता नुसता दांडा.

तेव्हा मला वडील आठवले. माझे वडील बैलगाडीत कडबा भरायचे. गाडी भरून झाली की ते जू खांद्यापाशी धरून उचलून बघायचे. हलकं लागलं की सगळ्या पेंढ्या उतरवून परत भरायला लावायचे. म्हणायचे, गाडी उलाळ झाली. मागं ओझं झालं की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. बैलाच्या खांद्यावर थोडं तरी वजन यायलाच पाहिजे, तरच गाडी त्याच्या ताब्यात राहते. आमच्या लहानपणी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण चॅनल, वेल्डिंग, इंजिन, जीप असं सगळं आल्यावर आपण गाडीच करतोय हे तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"भावजी," मी म्हणाले, "गाडी उलाळ हाय."

ते दांडा धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो सोडला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले.

"म्या दांडाच बगत बसलो, वैनी," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुटला आसता तर निस्ता डंक गेला आसता."

त्यांनी हे बोलायला नको होतं असं मला वाटलं, कारण मालक ऐकत होते. पण ते खरं होतं. दांडा इतका मजबूत होता की त्यानं आम्हाला सुटू दिलं नाही.

मालकांचा हात बरा व्हायला पावसाळा उजाडला. तोवर गाडी दुकानाच्या मागं पडून होती. भावजी दुसरी कामं करायचे आणि तिच्याकडं पाठ करून बसायचे. मग एक दिवस मीच गेले आणि म्हणाले, मोडून टाका नाहीतर नीट करा, पण अशी ठेवू नका.

त्यांनी मागचा चॅनल कापून काढला. पायरी काढली. आस पाट्यांसकट मागं सरकवला, इंजिन उचलून पुढं आणलं. धूर वर जायला उंच नळी लावली. मग ओळखीच्या आडत दुकानातून पोती मोजायचा काटा आणला, दांड्याचं टोक त्यावर टेकवलं आणि इंजिन पुढं-मागं करत बघत राहिले. सगळ्या ओझ्याचा दहावा हिस्सा तरी टोकावर यावा, असा त्यांनी हिशोब धरला होता. शेवटी दांडा उचलायला दोघं लागायला लागले. भावजींनी वजन वाचलं, परत वाचलं, आणि मला वाचायला लावलं.

रिकाम्या रस्त्यावर त्यांनी स्वतः जीपला जोडून ती पळवली. मी मागं बसले होते. गाडी सरळ आली. हललीच नाही. घरी येऊन मी मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच. जीपच्या मागं ती गाडी त्यांनी परत कधी जोडली नाही. आता मी भाड्याचा ट्रॅक्टर लावते आणि घाटाकडच्या गावांना जात नाही. नणंद अजून बोलावते. मी म्हणते, बघू.

मालक घरीच असतात, शेत बघतात. हात डोक्याच्या वर जात नाही. कधी मी डंक घेऊन निघाले की ते अंगणातून रस्त्यापर्यंत येतात आणि ट्रॅक्टर वळणाआड होईपर्यंत उभे राहतात.

मागच्या महिन्यात मी दुकानात होते तेव्हा शेजारच्या गावचा एक माणूस आला. पिकअपच्या मागं जोडायला गाडी हवी होती. "तुमच्या डंकाला केली तशी," तो म्हणाला. "लई मजबूत हाय म्हणं. घाटात पडली तरी तुटली न्हाय."

भावजींनी विचारलं, "काय वाहायचंय? वझं कुठं ठिवणार?"

"ते मंग बगू की. तुमी आधी सांगाडा तर करा."

"वझं कुठं बसणार ते सांगितल्याबिगर म्या खडू उचलत न्हाय."

त्याला वाटलं असावं, भावजींना काम नकोय. तो उठला, बाहेर उभ्या असलेल्या आमच्या गाडीपाशी गेला, खिशातून टेप काढला आणि चौकटीची, दांड्याची मापं घेतली. मोबाइलवर फोटो काढले, खालून, वरून, हुकाजवळून. आस कुठं आहे ते त्यानं मोजलं नाही. मग हात करून निघून गेला.

भावजी दारात उभं राहून त्याच्याकडं बघत होते. मी म्हणाले, हाक मारा त्याला. त्यांनी मारलीही, पण तोवर त्यानं मोटारसायकलला किक मारली होती आणि आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही.